थांबवून बघणाऱ्या वेड्यांची थोरवी

सॉफ्टवेअरच्या धंद्यात शहाण्यांचा दुष्काळ कधीच पडला नाही. सर्व्हरवर काही बिघडलं की कारण शोधणाऱ्याच्या आधी कारण सांगणारे चार जण हजर असतात. एकाच्या मते डेटाबेस अडलाय. दुसऱ्याला नेटवर्कचा संशय. तिसरा म्हणतो, परवा रात्री जो बदल लाइव्ह गेला त्याचंच हे फळ. चौथा काही न बोलता सर्व्हर रीस्टार्ट करतो, आणि पुढे थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं की त्याचंच खरं ठरतं. या मंडळींत एखादा वेडा असतो. त्याला कारण विचारलं तर तो सरळ ‘माहीत नाही’ म्हणतो. वर असंही म्हणतो, की प्रोग्रॅम मध्येच थांबवू आणि आत काय आहे ते बघू.

मी या वेड्याची स्तुती करायला बसलो आहे. आमच्या धंद्याच्या रीतीने पाहिलं तर त्याला वेडा म्हणतात ते बरोबरच आहे. जिथे सगळे वेग विकतात तिथे तो थांबायला सांगतो. न विचारता कळणं हीच जिथे हुशारीची खूण, तिथे तो विचारतो. आणि सर्व्हरवर चालणारा, ज्याला ना खिडकी ना बटण, असा प्रोग्रॅम तो चक्क ब्राउझरमध्ये उघडून बसतो. महाराष्ट्राला वेड्यांचं वावडं नाही. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक राउळ वेडे म्हणत, आणि म्हाइंभटांनी त्यांच्याच लीळा गोळा करून ग्रंथ केला. संगणकाच्या वेड्यांना मात्र अजून कुणी म्हाइंभट भेटलेला नाही.

आधी हे वेड कुठून आलं ते सांगतो. ब्रेंडन आयक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती दहा दिवसांत उभी केली. ब्राउझरमधल्या पानावर थोडी हालचाल यावी एवढीच तेव्हा अपेक्षा होती. कोडमध्ये चूक शोधायची तर अलर्टची चौकट टाकायची, ओके दाबायचं, पुढची चौकट, पुन्हा ओके. मग २००६ मध्ये जो ह्युइट यांचं फायरबग फायरफॉक्सवर आलं आणि साध्या वेब प्रोग्रॅमरलाही चालत्या पानाच्या आत शिरता येऊ लागलं. ओळीच्या आकड्याशेजारी क्लिक करून लाल ठिपका लावायचा, म्हणजे ब्रेकपॉइंट. प्रोग्रॅम त्या ओळीवर येऊन थांबणार आणि त्या घटकेला कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे, हे शेजारी मांडून दिसणार. दोन वर्षांनी गूगलचा क्रोम आला, त्याच्यासोबत व्ही-एट हे इंजिन आलं, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ परिषदेत रायन डाल यांनी तेच इंजिन ब्राउझरबाहेर काढून सर्व्हरवर चालवून दाखवलं. त्याचं नाव नोड.

भाषा सर्व्हरवर गेली, तिची हत्यारं मात्र ब्राउझरमध्येच राहिली. काल ज्याच्यापाशी फायरबग होतं, तो आज काळ्या टर्मिनलसमोर नुसत्या हातांनी बसला. नोडमध्ये एक कमांड लिहून चालवायचा डीबगर होता. एक ओळ पुढे जायला एक अक्षर, आत शिरायला दुसरं, एखाद्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते विचारायला आणखी एका कप्प्यात उतरायचं आणि परत वर यायचं. ज्यांनी तो नेटाने वापरला त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांनी छापण्याची वाट धरली. कन्सोल डॉट लॉग लिहायचं, फाइल सेव्ह करायची, सर्व्हर पुन्हा चालू करायचा, तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची आणि पडद्यावर काय उमटतं ते बघायचं. पुण्यातल्या कुठल्याही टीमचा जुना कोड उघडून बघा. ‘इथे आला’, ‘इथे आला २’, ‘आत गेला’ अशा ओळी कुणीतरी मागे ठेवलेल्या असतातच.

या वाटेचा खरा दोष वेळ लागतो हा नाही. दोष असा, की छापून बघणाऱ्याला फक्त तेच दिसतं ज्याच्यावर त्याचा आधीपासून संशय होता. किमतीवर संशय असेल तर किंमत छापली जाते. नगावर नसेल तर नग कुणी छापत नाही. आणि चूक बहुतेक वेळा संशय न आलेल्या जागीच ठाण मांडून बसलेली असते. संशय आला असता तर ती तिथे राहिलीच नसती. कुकरच्या शिट्ट्या मोजून डाळ शिजली का ते ठरवावं, तसा हा प्रकार. रोजच्या डाळीला चालतं, पण डाळ शिजत का नाही हे शिट्ट्या मोजून कळत नाही. थांबवून बघणारा वेडा झाकण काढतो. एका ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम उभा राहिला की त्या फंक्शनमधलं सगळं समोर येतं. संशयित तर येतातच, शिवाय ज्यांना आपण सज्जन समजून सोडून दिलं होतं तेही येतात.

हे सुख सर्व्हरवाल्यांना पहिल्यांदा मिळवून देणारा वेडा म्हणजे डॅनी कोट्स. त्यांनी २०१० च्या सुमारास नोड-इन्स्पेक्टर लिहिलं. त्यामागचा विचार ऐकायला विक्षिप्त वाटतो, पण तो मला आजही फार देखणा वाटतो. क्रोममध्ये आणि नोडमध्ये इंजिन एकच. त्या इंजिनाला ५८५८ या पोर्टवर बाहेरून प्रश्न विचारता येत होते: कुठे थांबलास, तुझ्या हातात काय आहे, पुढे जा. दुसरीकडे, ब्राउझरमधला जो तपासणीचा पडदा आपण एखाद्या पानावर राइट क्लिक करून उघडतो, तो स्वतःच एक वेब पान असतो. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. मग तो पडदा तिथून उचलायचा, मध्ये एक छोटा सर्व्हर दुभाषा म्हणून बसवायचा, आणि पडद्याचं बोलणं इंजिनाला व इंजिनाचं पडद्याला ऐकवायचं. ८०८० पोर्टवर एक पान उघडायचं, की डावीकडे सर्व्हरच्या फायलींची यादी आणि मधोमध सर्व्हरचा कोड, ठिपक्याची वाट बघत.

शहाण्यांनी नाकं मुरडली. सर्व्हर लिहिणाऱ्याला माउस कशाला हवा, इथपासून ते ज्याला डोक्यात प्रोग्रॅम चालवता येत नाही त्याने सर्व्हर लिहूच नये, इथपर्यंत. नोड-इन्स्पेक्टर चुकत नव्हतं असंही नाही. मोठा ऑब्जेक्ट उलगडायला गेलं की ते धापा टाकायचं, नोडची आवृत्ती बदलली की रुसायचं, मधला दुभाषा कधी कधी अर्ध्यावर संभाषण सोडून जायचा. पण एकदा ज्याने आपला सर्व्हर त्या पडद्यावर थांबलेला पाहिला, त्याचं मन पुन्हा अंदाजांत रमलं नाही. मिरोस्लाव बायतोश यांनी पुढे बरीच वर्षं हे काम सांभाळलं. दुसऱ्याने लावलेलं वेड असं निगुतीने जपणाऱ्यांची नावं सहसा कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

जुलै २०१६ मध्ये नोडची ६.३ ही आवृत्ती आली आणि वेडाला राजमान्यता मिळाली. क्रोममधला तपासनीस थेट नोडमध्ये बसवला गेला. मधल्या दुभाष्याची गरज संपली. प्रोग्रॅम चालू करताना इन्स्पेक्ट हा एक शब्द जोडायचा. सुरुवातीला टर्मिनलवर एक लांबलचक पत्ता उमटायचा आणि तो उचलून क्रोममध्ये चिकटवावा लागायचा. आज तेही नको. क्रोमच्या तपासणी पडद्याच्या कोपऱ्यात नोडचं हिरवं षटकोनी चिन्ह येतं. ते दाबलं की सर्व्हर हजर. पुढच्याच वर्षी नोडच्या आठव्या आवृत्तीने जुना ५८५८ वाला रस्ता कायमचा बंद केला आणि ९२२९ हा पोर्ट सगळ्यांच्या तोंडी बसला. दोघांमधलं बोलणं साध्या जेसनमध्ये चालतं. पडदा म्हणतो, अमुक फायलीच्या अमुक ओळीवर ब्रेकपॉइंट लाव. प्रोग्रॅम तिथे पोचला की इंजिन उलट निरोप धाडतं, ‘पॉज्ड’. मला तो एक शब्द फार आवडतो. आमच्या क्षेत्रात थांबणं हे यश मानणारी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

आता हा वेडेपणा प्रत्यक्षात करतो काय, ते जरा जवळून बघू. एका किराणा ऑर्डरच्या ॲपमध्ये तक्रार आली. ग्राहकाने दोन पाकिटांवर आणखी एक वाढवलं की यादीत एकवीस पाकिटं दिसतात. कमी केलं तर हिशेब बरोबर. किमतीचा गुणाकार बरोबर. लॉगची फाइल उघडली तर तिथे स्वच्छ छापलेलं: ‘नग २’. शहाण्यांनी लॉगवर बोट ठेवून सांगितलं की सर्व्हरला दोनच मिळतायत, म्हणजे चूक मोबाइलवाल्यांची. मोबाइलवाल्यांनी आपला लॉग दाखवला, तिथेही दोन. मग बैठक ठरली.

वेड्याने बैठकीआधी बेरजेच्या ओळीवर ठिपका लावला आणि एक ऑर्डर पाठवली. पडदा थांबला. उजवीकडे स्कोप नावाचा कप्पा असतो, त्यात त्या घटकेची सगळी व्हेरिएबल्स एकाखाली एक मांडलेली असतात. नगासमोर दोन होते, पण अवतरणचिन्हांत. म्हणजे तो आकडा नव्हताच, अक्षर होतं. फॉर्ममधून आलेली माहिती सर्व्हरला अक्षरांच्या रूपातच मिळते. जावास्क्रिप्ट वजाबाकी आणि गुणाकार करताना ती मुकाट्याने आकड्यांत बदलून घेते, पण अधिकचं चिन्ह दिसलं की अक्षरांना अक्षर जोडते. दोनाला एक जोडला, झाले एकवीस. आणि कन्सोल डॉट लॉगची रीत अशी, की त्याला थेट दिलेलं अक्षर तो अवतरणचिन्हं काढून छापतो. फायलीत आकडा दोन आणि अक्षर दोन हुबेहूब सारखे दिसतात. लॉग खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं होतं.

असाच आणखी एक मुका प्रकार सांगतो. ऑब्जेक्टमध्ये ऑब्जेक्ट, त्यात आणखी ऑब्जेक्ट अशी रचना असली, की नोडचा लॉग ठरावीक खोलीपुढे जात नाही. तिथून पुढे चौकटी कंसात नुसतं ‘ऑब्जेक्ट’ असं छापून मोकळा होतो. बिलामध्ये ग्राहक, ग्राहकामध्ये पत्ता, पत्त्यामध्ये राज्य, राज्यात कराचा कोड; आणि आपल्याला हवा असतो नेमका तो कोड. पडद्यावर प्रत्येक नावाशेजारी एक छोटा त्रिकोण असतो. तो दाबत दाबत तळापर्यंत जाता येतं.

मात्र माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग तारखेचा आहे. पुण्यातल्या एका टीमकडे भाजीपाल्याच्या घाऊक व्यवहारांची बिलं करणारं सॉफ्टवेअर होतं. हा धंदा पहाटेचा. ऑफिसवाले कूस बदलत असतात तेव्हा बाजारात निम्मी बिलं फाटून झालेली असतात. एप्रिलमध्ये हिशेबनिसाचा फोन आला. एक एप्रिलच्या पहाटेची बिलं एकतीस मार्चच्या तारखेने पडली होती. एक दिवस इकडचा तिकडे, एवढं हे सोपं नाही; ती बिलं सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली होती आणि जीएसटीचा हिशेब त्यांच्यामागे फरफटत गेला होता.

कारणं लगेच तयार झाली. अडत्याच्या मोबाइलचं घड्याळ चुकलं असेल. सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं असेल. कुणीतरी जुनी बिलं उशिरा चढवली असतील. टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, “सर, एकदा थांबवून बघू का?”

“अगं, तारखेत काय बघायचंय? तारीख ती तारीख.”

“तरी बघते ना सर. पाच मिनिटं द्या.”

तिने बिलाची तारीख ठरते त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. भरदुपारी ती ओळ निर्दोष चालते, हे तिलाही दिसत होतं. पण प्रोग्रॅम थांबलेला असताना खालच्या कन्सोलमध्ये जे लिहाल ते त्याच फंक्शनच्या आत जाऊन चालतं. तिने ‘आत्ताची वेळ’ ठेवणाऱ्या व्हेरिएबलला आपल्या हाताने नवी वेळ दिली: एक एप्रिल, पहाटेचे चार. मग एफ-दहा दाबून एक ओळ पुढे सरकली. कोडच्या त्या ओळीच्या शेवटी, पडदा उत्तर मांडतो त्या फिकट पट्टीत, एकतीस मार्च उमटलं.

वेळेची तारीख करायला ज्या फंक्शनचा आधार घेतला होता ते नेहमी ग्रीनिचची वेळ देतं, मग सर्व्हर कुठेही असो. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जे काही घडतं ते त्या हिशेबात कालचं असतं. दहानंतर ऑफिसात येणाऱ्या कुठल्याही माणसाला ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. दुपारी छापलेल्या हजार लॉगमधूनही ती दिसली नसती, कारण दुपारी ती नसतेच. थांबलेल्या प्रोग्रॅमला पहाट दाखवायला त्या मुलीचं वेड लागलं. सर उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पुन्हा एकदा दाखव.” त्या सरांबद्दलही मला आदर आहे. शहाण्या माणसाला ‘पुन्हा दाखव’ म्हणणं सोपं नसतं.

या वेडाला विरोध करणारे सगळेच उथळ नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. ब्रायन कर्निहॅन यांनी १९७९ मध्ये युनिक्स शिकणाऱ्यांसाठी लिहिताना नीट विचार आणि विचारपूर्वक छापलेल्या ओळी यांनाच चूक शोधायचं सर्वांत गुणकारी साधन म्हटलं होतं. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००० मध्ये आपल्याला डीबगर आवडत नाहीत असं जाहीर सांगून लिनक्सच्या गाभ्यात डीबगर घ्यायला नकार दिला. केजीडीबी हा डीबगर तिथे पोचायला २००८ उजाडलं. टोरव्हाल्ड्स यांचं म्हणणं असं, की आत बघायची सोय झाली की माणूस समोरचं लक्षण दुरुस्त करून मोकळा होतो, मुळाचा विचार करत नाही. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. ब्रेकपॉइंटवर उभं राहून, व्हेरिएबल रिकामं आहे एवढं बघून, तिथेच ‘रिकामं असेल तर पुढे जा’ अशी ओळ ठोकून घरी जाणारे मीही पाहिलेत. ते काही खरे वेडे नव्हेत. त्यांनी वेड पांघरून पेडगाव गाठलं, एवढंच.

खरा वेडा थांबल्यावर मागे वळून बघतो. पडद्याच्या उजवीकडे कॉल स्टॅक असतो: या फंक्शनला कुणी बोलावलं, त्याला कुणी, त्याच्याही आधी कोण. एकेका नावावर क्लिक करत खाली उतरलं की प्रत्येक पायरीवर त्या त्या वेळची व्हेरिएबल्स जशीच्या तशी भेटतात. पत्ता रिकामा आला तो इथे नाही, चार पायऱ्या खाली, जिथे कुणीतरी चुकीच्या नावाने तो मागितला होता. जावास्क्रिप्टमध्ये तर ही वंशावळ सांगायला एक जास्तीचा अडसर होता. डेटाबेसकडे निरोप पाठवला की फंक्शन तिथून निघून जातं. उत्तर येतं तेव्हा मूळ बोलावणारा स्टॅकवर उरलेला नसतो. आता तपासनीस ही तुटलेली कडीही लक्षात ठेवतो आणि ‘इथून वाट बघत होता’ अशी खूण घालून मागचा भाग जोडून दाखवतो. विचार करायला लावणारं साधन याहून वेगळं काय असतं? कर्निहॅनना अभिप्रेत असलेला नीट विचार करायचा तर समोर खरी वस्तुस्थिती हवी, आणि ती आपल्याला हवी तेवढीच नव्हे, आहे तेवढी सगळी हवी.

थांबण्याची किंमत असते. नोडमध्ये सहसा तुमचा सगळा कोड एकाच धाग्यावर चालतो. एका ग्राहकाच्या रिक्वेस्टवर थांबलात, की सगळ्या ग्राहकांसाठी सर्व्हर थांबला. त्या काळात ज्यांची वेळ भरली ते टायमर तुंबून राहतात आणि पुढे जा म्हटलं की लागोपाठ वाजतात. डेटाबेसचं कनेक्शन वाट बघून निघून जातं. म्हणून हे वेड आपल्या लॅपटॉपवर करायचं, गिऱ्हाईक उभं असलेल्या सर्व्हरवर नाही. हजारो ऑर्डरींच्या लूपमध्ये एकच ऑर्डर बिघडत असेल तर ठिपक्याला अट घालता येते: अमुक क्रमांक आला तरच थांब. आणि थांबणं परवडतच नसेल तर २०१९ पासून क्रोममध्ये लॉगपॉइंट आहेत. ओळीवर खूण करायची, प्रोग्रॅम न थांबता तिथलं मूल्य कन्सोलवर टाकत जातो, कोडमध्ये एक अक्षरही न बदलता. छापणाऱ्यांशी केलेला हा समझोता मला मान्य आहे. ‘इथे आला २’ कोडमध्ये मागे राहत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

एका बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो. ९२२९ हा पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या आत शिरायचा उघडा दरवाजा आहे. जो तिथे पोचला तो तुमच्या प्रोग्रॅममध्ये हवा तो कोड चालवू शकतो. तुम्ही कन्सोलमध्ये वेळ बदलता तसा तो पासवर्ड वाचतो. म्हणूनच नोड हा पोर्ट फक्त त्याच मशिनला, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर, उघडा ठेवतो. तरी सोयीसाठी तो साऱ्या जगाला उघडा करणारे शहाणे आहेत. दुसऱ्या मशिनवरून जोडायला एसएसएचचा बोगदा घालावा लागतो, त्याचा त्यांना कंटाळा. आणि १२७.०.०.१ वरही निर्धास्त राहता येत नाही, हे मार्च २०१८ मध्ये कळलं. एखादी दुष्ट वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये उघडी असेल, तर ती आपल्याच नावाचा पत्ता मागाहून १२७.०.०.१ असा फिरवून तुमच्याच मशिनवरच्या तपासनीसाशी बोलू शकत होती. नोडने लगेच दुरुस्ती केली: दारावर कुठल्या नावाने हाक मारली ते आता तपासलं जातं, आणि ते लोकलहोस्ट किंवा साधा आयपी पत्ता नसेल तर दार उघडत नाही. वेडाला कुलूप लागतं. या वेडाची निंदा करणाऱ्यांपेक्षा कुलपाचा कंटाळा करणाऱ्यांनी त्याचं जास्त नुकसान केलं आहे.

मेमरी हळूहळू फुगत जाऊन सर्व्हर रात्री कोसळतो, तेव्हाही हाच पडदा उपयोगी पडतो. दोन वेळांचे हीप स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या घटकेला मेमरीत काय होतं त्याची चित्रं, शेजारी ठेवून मध्ये काय वाढलं ते बघायचं. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा इतकं ते मोठं प्रकरण आहे.

रायन डाल यांनी नोडमधल्या आपल्या निर्णयांचा फेरविचार करून डेनो नावाची नवी मांडणी केली. तिची १.० आवृत्ती मे २०२० मध्ये आली तेव्हा इन्स्पेक्टची सोय तिच्यात आधीपासून होती, पोर्टही तोच ९२२९. नोडला जे मिळायला सात वर्षं लागली ते डेनोला पहिल्या मोठ्या आवृत्तीतच मिळालं. एका माणसाची विक्षिप्त युक्ती आता बांधकामाच्या नकाशातच धरली जाते.

काम अजून संपलेलं नाही. आज एक ऑर्डर एका सर्व्हरवर पुरी होत नाही. ती मागवणाऱ्याकडून पैशाच्या सर्व्हिसकडे जाते, तिथून साठ्याकडे, तिथून पोचवणाऱ्याकडे. यातली एक सर्व्हिस ब्रेकपॉइंटवर थांबवली की बाकीच्यांचा तीस सेकंदांत धीर सुटतो आणि ऑर्डर मोडते. म्हणजे जे बघायला थांबवलं तेच हातातून जातं. इथे ट्रेसिंगवर भागवतात. कुठल्या टप्प्याला किती वेळ लागला, कुठे नकार आला, हे त्यातून कळतं. पण त्या टप्प्याच्या आत तेव्हा काय होतं, हे पुन्हा ज्याच्यावर संशय होता आणि म्हणून ज्याची नोंद केली होती, तेवढंच. सगळ्या सर्व्हिसेस एका ठिपक्यावर एकदम थांबाव्यात आणि एकाच पडद्यावर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत त्रिकोण उघडत जाता यावं, असं रोजच्या कामात अजून कुणाच्या हाती आलेलं नाही. शहाण्यांना विचारलं तर ते अशक्य आहे असं सांगतात, आणि कारणंही चांगली देतात. डॅनी कोट्सनाही चांगलीच कारणं ऐकावी लागली असणार. त्या नव्या मुलीला मी हा प्रश्न घातला आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही; सध्या ती दोन नोड सर्व्हर एकाच लॅपटॉपवर चालवून दोन्ही एकदम थांबवता येतात का ते बघते आहे.